फ्रेमचा टंच

9 सप्टेंबर 2025 ला ॲपलनं एकाच कार्यक्रमात दोन महागडे फोन दाखवले. एक आयफोन एअर, जेमतेम 5.6 मिलिमीटर जाडीचा, टायटॅनियमच्या फ्रेमचा. दुसरा आयफोन 17 प्रो, अंगानं चांगला जाड, सगळ्यात जास्त काम ओढणारा, आणि त्याची फ्रेम ॲल्युमिनियमची. त्याआधी दोनच वर्षं, 2023 मध्ये, याच प्रोला टायटॅनियम आलं तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं. पाठोपाठ जानेवारी 2024 मध्ये सॅमसंगनंही गॅलक्सी एस24 अल्ट्राला टायटॅनियमची फ्रेम दिली. मग इतक्यात ते प्रोमधून निघालं का? मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघते, त्यामुळे नात्यातले-ओळखीतले हा प्रश्न हमखास माझ्याकडे आणतात. आणि उत्तरही तेच देऊन टाकतात: "पैसे वाचवले असतील, दुसरं काय!"

मला हे पटत नाही. पैशाचा हिशोब कुठलीही कंपनी करणारच, पण या बदलामागे धातूचं एक खरं गणित आहे, आणि ते मला फार आवडतं.

आधी आबांबद्दल सांगायला हवं. माझे वडील विट्याकडचे, गलाईच्या धंद्यातले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. दक्षिणेत, उत्तरेत, बंगालात, कुठल्याही सराफ कट्ट्यामागच्या बोळात भट्टी पेटलेली दिसली आणि आतून मराठी ऐकू आलं, की माणूस आपल्याकडचा समजायचा. आबांचं उभं आयुष्य मूस, भट्टी आणि तेजाब, म्हणजे तीव्र आम्ल, यांच्यात गेलं. जुन्या दागिन्यातलं तांबं-चांदी काढून शुद्ध सोनं वेगळं करायचं, हे त्यांचं काम. यात एक गंमत आहे. सोनं शुद्ध करायचं तर आधी त्यात मुद्दाम भरपूर चांदी घालावी लागते, सोन्याच्या तिपटीच्या आसपास. तसं केलं नाही तर तेजाब सोन्याच्या आतपर्यंत पोचतच नाही. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाला तपकिरी गाळासारखं सोनं उरतं. ते पुन्हा मुशीत आटवलं की झळाळी येते.

आबांच्या जगात धातूची किंमत टंचावर, म्हणजे शुद्धतेच्या टक्क्यावर, ठरते. जितका शुद्ध तितका भारी. म्हणून मी फोनच्या टायटॅनियमबद्दल बोलायला लागले की ते पहिला प्रश्न विचारतात, "टंच किती त्याचा?" नव्वद, मी सांगते. आयफोनला लावतात ते ग्रेड 5 टायटॅनियम म्हणजे साधारण 90 टक्के टायटॅनियम, 6 टक्के ॲल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम. आबांच्या हिशोबानं हा माल खोटा. माझ्या हिशोबानं त्या दहा टक्क्यांतच सगळं कसब आहे. शुद्ध टायटॅनियम या मिश्रधातूच्या मानानं पुष्कळच नरम. शुद्ध ॲल्युमिनियम तर इतकं मऊ की त्याची फ्रेम खिशातच वाकेल. त्यात टक्काभर मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन घातलं की 6000 मालिकेतले मिश्रधातू होतात. जस्त, मॅग्नेशियम, कधी तांबं घातलं की 7000 मालिका, जी विमानांच्या सांगाड्यात वापरतात.

नुसतं मिसळूनही भागत नाही. 1906 मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाचा धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियममध्ये तांबं आणि मॅग्नेशियम घालून, तापवून, झटकन गार करून बघत होता. ताजा नमुना त्याला हवा तितका कडक मिळेना. सुट्टीनंतर तोच नमुना पुन्हा मोजला तर तो आपोआप कडक झालेला. आत विरघळलेले अणू हळूहळू एकत्र येऊन बारीक कण बनवतात, आणि ते धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. आजही 6061 या 6000 मालिकेतल्या ॲल्युमिनियमचा जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पाचशे तीसच्या आसपास तापवतात, पाण्यात गार करतात, मग एकशे साठ-सत्तर अंशांवर काही तास ओव्हनमध्ये मुरत ठेवतात. रासायनिक घटक तेच, वजन तेच, पण ताकद कितीतरी पट वाढलेली. टंच काढून ही गोष्ट कळणारच नाही. हार्डनेस टेस्टरवर कळते.

आता फ्रेमकडे. फोनची फ्रेम दिसते किनारपट्टीसारखी, पण तिच्यावर कामांचा ढीग आहे. पुढची-मागची काच धरून ठेवायची. खिशात बसताना वाकायचं नाही. कोपऱ्यावर पडल्यावर स्वतः चेपून घ्यायचं पण काचेला धक्का कमी पोचवायचा. बटणांसाठी, चार्जिंगसाठी, स्पीकरसाठी भोकं पाडून घ्यायची आणि तरी ताठ राहायचं. रेडिओ लहरी धातूतून जात नाहीत म्हणून मध्ये प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून तिचे तुकडे करतात आणि तेच तुकडे ॲन्टेना म्हणून वापरतात. शिवाय आतली उष्णता बाहेर न्यायची. आणि एवढं करून सुंदर दिसायचं.

ताठपणापासून सुरुवात करू, कारण इथे एक आकडा आहे जो मला अजूनही थक्क करतो. धातू किती ताठ, हे मोजायचं माप गिगापास्कलमध्ये असतं. ॲल्युमिनियम सुमारे 69, टायटॅनियमचा हा मिश्रधातू 114, स्टेनलेस स्टील 193 च्या आसपास. म्हणजे स्टील ॲल्युमिनियमच्या पावणेतीन पट ताठ. आता वजन बघा. एका घन सेंटीमीटरला ॲल्युमिनियम 2.7 ग्रॅम, टायटॅनियम 4.4, स्टील 8. ताठपणाला वजनानं भागा: ॲल्युमिनियम साडेपंचवीस, टायटॅनियम जवळपास सव्वीस, स्टील चोवीस. तिघं जवळजवळ एकाच रेषेत उभे! ग्रॅममागे ताठपणा सगळ्यांचा सारखाच. एक धातू दुसऱ्यापेक्षा सरसकट "चांगला" असतो ही समजूत इथे गळून पडते.

मग फरक कुठे पडतो? जागेत. पट्टी वाकवायला किती जोर लागतो हे तिच्या जाडीच्या घनावर ठरतं. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. ॲल्युमिनियम हलकं असल्यामुळे तेवढ्याच वजनात जाड भिंत ठेवता येते, आणि जाड भिंत मिळाली की ते स्टीललाही मागे टाकतं. पण जाडी वाढवायला जागाच नसेल तर? 5.6 मिलिमीटरच्या फोनमध्ये बॅटरी, पडदा, काच सगळं कोंबल्यावर भिंतीला उरतं ते उरतं. तिथे कमी जागेत जास्त ताठ आणि जास्त चिवट धातू हवा. म्हणून एअरला टायटॅनियम. प्रो जाड आहे, त्यात धातूला जागा आहे. एकाच दिवशी, एकाच कंपनीच्या दोन फोनांना दोन धातू लागले याचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं.

जागा नसताना साधं ॲल्युमिनियम लावलं की काय होतं हे जगानं 2014 मध्ये बघितलं. आयफोन 6 बारीक होता, फ्रेम 6000 मालिकेतल्या ॲल्युमिनियमची. आवाजाच्या बटणांजवळ, जिथे फ्रेमला भोकं पडून ती कमजोर झाली होती, तिथे काही फोन खिशात वाकले. पुढच्या वर्षीच्या 6एसला 7000 मालिकेतलं ॲल्युमिनियम आलं आणि तो बोभाटा थांबला. धातूचं नाव तेच राहिलं, मिश्रण बदललं. आबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ विचार करत होते.

2017 च्या आयफोन 10 पासून वरच्या फोनांना स्टेनलेस स्टील होतं. दिसायला देखणं, घासून आरशासारखं करता येतं. पण जड. आयफोन 14 प्रो 206 ग्रॅमचा होता. टायटॅनियम लावल्यावर 15 प्रो 187 वर आला. एकोणीस ग्रॅम म्हणजे काही फार नाही असं कागदावर वाटतं, पण वजन कडेला असलं की हाताला ते जास्त जाणवतं, कारण फोन फिरवताना मनगटाला ते कडेचं वजन फिरवावं लागतं. तेव्हाही सगळी फ्रेम टायटॅनियमची नव्हती. बाहेर टायटॅनियमची पट्टी, आत पुनर्वापराच्या ॲल्युमिनियमचा सांगाडा, आणि दोन्ही न वितळवता, नुसत्या उष्णतेनं आणि दाबानं अणू एकमेकांत शिरवून जोडलेले. एकाच फ्रेममध्ये दोन धातू, ज्याला जे जमतं ते. मला तो जोड त्या फोनमधली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटली आणि ती कुणाला दिसतही नाही.

टायटॅनियमवर काम करणं काय असतं हे शॉपमधल्या माणसाला विचारावं. ॲल्युमिनियम व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापायच्या मशिनवर, लोण्यासारखं कापलं जातं. फीड वाढवा, कूलंट सोडा, जॉब पटापट निघतात. टायटॅनियमला उष्णता फारशी वाहून नेता येत नाही. कापताना तयार झालेली सगळी धग टूलच्या धारेवरच साठते आणि धार जाते. वेग कमी ठेवावा लागतो, कूलंट भरपूर दाबानं नेमक्या जागी मारावा लागतो. पातळ भिंत असली तर टूलखाली ती मागे सरकते आणि टूल पुढे गेलं की परत येते, म्हणजे मापात फरक. बारीक चिप्स साचून ठिणगी मिळाली तर पेट घेतात आणि टायटॅनियमच्या आगीवर पाणी मारायचं नसतं. आमच्याकडचे ऑपरेटर टायटॅनियमचा जॉब आला की मशिनजवळून हलत नाहीत. फोनची किंमत वाचताना मला नेहमी हे उभं राहणं आठवतं. टायटॅनियमच्या किमतीत धातूच्या दुर्मिळतेपेक्षा असले कष्टच जास्त आहेत.

कारण दुर्मिळ तो नाहीच. पृथ्वीच्या कवचात सगळ्यात जास्त असणारा धातू ॲल्युमिनियम, सुमारे 8 टक्के; पण टायटॅनियमही भरपूर आहे. आपल्याकडून दोन्ही फार लांब नाहीत. राधानगरीजवळ दुर्गमानवाडीच्या पठारावर बॉक्साइटच्या खाणी आहेत. घाट उतरून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेलात तर काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, टायटॅनियमचं खनिज. अडचण ते दगडातून, वाळूतून सोडवण्याची. टायटॅनियमला ऑक्सिजन इतका घट्ट धरून असतो की आधी क्लोरिनशी संयोग घडवून मग मॅग्नेशियमनं ते मोकळं करावं लागतं. 1940 च्या सुमाराला विल्यम क्रोल यानं आणलेली ही पद्धत आजही बॅच-बॅचनं, संथ चालते. ॲल्युमिनियमचीही एकेकाळी हीच गत होती. 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचं छोटं शिखर बसवलं, कारण तेव्हा तो मौल्यवान धातू होता. दोनच वर्षांनी हॉल आणि हेरू यांनी विजेनं ॲल्युमिनियम काढायची रीत शोधली आणि भाव कोसळला. धातू तोच, पण मान गेला. आज लोक ॲल्युमिनियमला हलक्या प्रतीचं समजतात ते त्या कोसळलेल्या भावामुळे, आणि हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

मिरजेत टायटॅनियमची वेगळी ओळख आहे. दवाखान्यांचं गाव, हाड मोडलेली माणसं कर्नाटकापासून येतात आणि अनेकांच्या मांडीत-नडगीत टायटॅनियमची प्लेट नाहीतर रॉड बसतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या पायात आहे. त्या मला विचारत होत्या, "स्टीलपेक्षा भारी म्हणूनच टाकलं ना गं?" तर हाडासाठी टायटॅनियमचा एक गुण असा की ते स्टीलपेक्षा कमी ताठ आहे. हाडाचा ताठपणा पंधरा-वीस गिगापास्कल. प्लेट फार ताठ असली तर सगळा भार तीच उचलते, हाडाला काम राहत नाही आणि ते विरळ होत जातं. टायटॅनियम थोडं लवतं आणि हाडाला त्याचा वाटा उचलू देतं. जो लवण्याचा गुण व्हीएमसीवर पातळ भिंतीत त्रास देतो तो काकूंच्या पायात उपयोगी पडतो.

आता उष्णता, जिच्यापाशी माझ्या मते या गोष्टीचा निकाल लागतो. उष्णता वाहून नेण्याची क्षमता मोजली तर ॲल्युमिनियमचे मिश्रधातू 130 ते 170 च्या घरात येतात, स्टेनलेस 16, टायटॅनियमचा हा मिश्रधातू जेमतेम 7. वीसपट फरक! स्वयंपाकघरात हे रोज दिसतं: स्टीलच्या पातळ पातेल्यात दूध बुडाशी एका जागी करपतं, ॲल्युमिनियमच्या जाड पातेल्यात धग सगळीकडे पसरते. फोनची चिप ही अशीच एका जागची धग आहे. ती जितक्या मोठ्या पृष्ठभागावर पसरेल तितका फोन गार राहील. 15 प्रो तापतो अशी तक्रार 2023 मध्ये झाली तेव्हा कंपनीनं दोष सॉफ्टवेअरचा आणि काही ॲपचा असल्याचं सांगितलं, टायटॅनियमचा नाही. आणि आत ॲल्युमिनियमचा सांगाडा होता हे धरलं तर ते पटण्यासारखं आहे. पण चिप दरवर्षी जास्त धावते, फोनवरच व्हिडिओ एडिट होतात, तासन्‌तास गेम चालतात. 17 प्रोमध्ये त्यांनी आत पाण्याची बारीक वाफ फिरवणारी चपटी डबी बसवली आणि ती ॲल्युमिनियमच्या एकसंध अंगाला लेझरनं जोडली. डबीनं चिपपासून उष्णता आणायची आणि अंगानं ती पसरवायची. हे टायटॅनियमला जमलं नसतं.

एकेकाळी फ्रेमवरचा मोठा भार वाकण्याचा होता. आज जाड फोनात तो उष्णतेचा आहे. भार बदलला की धातू बदलतो. यात कुणाची पायरी उतरत नाही.

ॲल्युमिनियमची एक बाजू मात्र लंगडी आहे आणि ती मी झाकणार नाही. पृष्ठभाग. ॲल्युमिनियमला रंग देताना गंधकाम्लाच्या टाकीत विजेच्या धन टोकाला लावतात. धातूतूनच ऑक्साइडचा कडक थर उगवतो, त्यात सूक्ष्म छिद्रं असतात, छिद्रांत रंग मुरतो, मग गरम पाण्यात ती बंद करतात. हेच ॲनोडायझिंग. म्हणून 17 प्रोचा तो भडक केशरी इतका खुलला. आमच्याकडे दुकानात त्याला सरळ भगवा म्हणून मागतात. पण हा थर केसापेक्षा पातळ, खाली मऊ धातू. आणि थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे धारदार कडेवर दोन बाजूंचे थर नीट मिळत नाहीत आणि तिथूनच टवका उडतो. कड गोल ठेवणं हाच उपाय. आमच्या ड्रॉइंगवर ॲनोडायझिंगचा जॉब असेल तर मी कडेची त्रिज्या आधी तपासते. टायटॅनियमच्या कडा या बाबतीत खूप सोशिक.

धातूवरचा विश्वास लोकांच्या मनात कसा बसतो, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती लोखंडी नांगराच्या जोरावर. त्याआधी बेळगावात केलेले पहिले नांगर शेतकरी घेत नव्हते. लोखंडानं जमीन विषारी होईल अशी भीती होती. ती भीती जाहिरातीनं गेली नसती. शेजाऱ्याच्या रानात नांगर खोल गेलेला बघून ती गेली.

म्हणून माझा भाचा फोन घ्यायला निघाला तेव्हा मी त्याला धातूचं नाव सांगितलं नाही, त्याचं काम विचारलं. तो लग्नांचे व्हिडिओ करतो. एप्रिल-मे म्हणजे त्याचा सीझन, पारा चाळिशीच्या आसपास, मंडपाबाहेर उघड्यावर वरात, हातात फोन, सलग रेकॉर्डिंग. जुना फोन तापून पडदा अंधुक व्हायचा आणि नवरा-नवरी डोळ्यांसमोरून जायची. "आत्या, मग ॲल्युमिनियमच की!" तो म्हणाला. ॲल्युमिनियमच. त्याच्या बहिणीला फोन पर्समध्ये हलका आणि बारीक हवा, ती फार तर फोटो काढते; तिनं टायटॅनियमचा एअर बघितला तर मी अडवणार नाही.

भाच्याला एवढंच बजावलं की सलग रेकॉर्डिंग करताना जाड रबरी कव्हर काढून ठेव. कव्हरनं कडा वाचतात, पण धातूनं बाहेर आणलेली धग तिथेच कोंडते. तो कुरकुरला, भगवा रंग खरवडेल म्हणाला. मी म्हटलं, खरवडू दे, ती फ्रेम त्यासाठीच आहे. आबा शेजारी बसून फोन तळहातावर तोलत होते. "लई हलकं हाय," म्हणाले, आणि भाच्याला विचारलं, जुना फोन कितीला जाईल. तो म्हणाला, फारसे येणार नाहीत. मग मी त्या दोघांना सांगितलं की जुनं ॲल्युमिनियम आटवून पुन्हा वापरायला, खनिजापासून नवीन काढायला लागते त्याच्या साधारण 5 टक्केच ऊर्जा लागते. आबांचे डोळे चमकले. गाळून पुन्हा नवं करणं हा त्यांचाच धंदा. कुठे आटवतात, मूस कसली वापरतात, रंगाचा थर आधी काढतात का, असं ते कितीतरी वेळ विचारत राहिले.